डॉक्टर व्हायचं कारण 'सेवा' नसेल तर?

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज ओपीडीला निघण्याआधी पुन्हा एकदा वाचला. तुला 'तू' म्हणते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.

तू लिहिलंस ते थोडक्यात असं. लातूरला रिपीटर बॅचला आहेस, मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा हा दुसरा प्रयत्न. क्लासमध्ये सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, 'डॉक्टर का व्हायचंय?' बाकीच्यांनी 'समाजाची सेवा करायची आहे' असं सांगितलं. तुझ्या तोंडून ते निघेना. तुझी खरी कारणं तू मोकळेपणी लिहिलीस: घराण्यात आजवर एकही डॉक्टर नाही, आईची फार इच्छा आहे, गावात मान मिळतो, इंजिनिअर झालेला चुलतभाऊ अजून नोकरी शोधतोय आणि डॉक्टर कधी उपाशी राहत नाही. सरकारी कॉलेज नाही लागलं तर बाबा जमीन विकून खासगीत घालायला तयार आहेत. शेवटी विचारलंस, 'असली कारणं घेऊन या क्षेत्रात येणं अनैतिक आहे का? मी एखाद्या चांगल्या मुलाची जागा अडवतोय का?' आणि कंसात, जाता जाता, एक वाक्य टाकलंस. आजीला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन तूच देतोस, पण 'त्याचा इथे काही संबंध नाही'. त्या कंसाकडे मी शेवटी येते.

मी एमडी मेडिसिन आहे. पंचवीस वर्षं तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते आणि २०१९ पासून आठवड्यातला एक दिवस एका मेडिकल कॉलेजात शिकवायला जाते. त्या वर्षी एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आणि त्यात 'ॲटकॉम' नावाचा भाग आला. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद, असा त्याचा विषय. पहिल्या वर्षाचा पहिलाच धडा 'डॉक्टर असणं म्हणजे काय' आणि त्याच्यानंतरचा 'पेशंट असणं म्हणजे काय'. हे तास मी घेते. म्हणजे तुझ्या सरांनी विचारलेला प्रश्न मीही दरवर्षी विचारते, फक्त नाव न घालता अर्ध्या कागदावर लिहून द्यायला सांगते.

कागद गोळा करून घरी नेते. अक्षरं वेगवेगळी असतात, वाक्य बहुतेकांचं एकच असतं: सेवा. ती मुलं खोटं बोलतात असं मला वाटत नाही. त्यांच्या हातात तेवढं एकच वाक्य दिलं गेलंय. एका वर्षी एक कागद वेगळा निघाला. त्यावर लिहिलं होतं, 'माझ्या आजोबांना डॉक्टर बसा म्हणाले नव्हते. मी म्हणेन.' तो कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. माझं कारण पुरेसं शुद्ध आहे का, हा एक. मी पुढे नीट वागणारा डॉक्टर होईन का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळतं असं आपण धरून चालतो. माझ्या अनुभवात तसं होत नाही.

आपल्याकडे हेतू तपासायचा प्रयत्न झालेला आहे. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ साली सुरू झालं, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. तिथल्या प्रवेश परीक्षेत गांधीविचाराची वेगळी प्रश्नपत्रिका असायची. नीट सगळीकडे लागू झाल्यावर ती गेली. त्या कॉलेजबद्दल मला मनापासून आदर आहे, पण तो त्या प्रश्नपत्रिकेमुळे नाही. प्रश्नपत्रिका असली की तिची गाइडं निघतात आणि मुलं पाठ करून येतात. आदर आहे तो प्रवेश झाल्यानंतर तिथे जे करून घेतात त्याबद्दल. सुरुवातीलाच मुलं पंधरा दिवस आश्रमात राहतात, मग प्रत्येक बॅचला एक गाव नेमून देतात आणि तिथल्या घरांशी त्यांची गाठ घालून देतात. येताना काय मनात होतं याच्यापेक्षा आल्यावर रोज काय करावं लागलं, याचा ठसा जास्त खोल उमटतो.

आणि शुद्ध कारण म्हणजे तरी काय? आनंदीबाई जोशींचंच घे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. १८८३ साली अमेरिकेला निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे ते सांगितलं. ते कारण खरंच होतं. पण त्यामागे स्वतःचं दुःख होतं, आणि त्याहून मागे नवऱ्याचा, गोपाळरावांचा हट्ट होता. तो हट्ट किती कडक होता ते त्यांचं चरित्र वाचलेल्या कुणालाही माहीत आहे. १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाहून पदवी घेतली आणि बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत त्या गेल्या. यातलं कुठलं कारण त्यांचं स्वतःचं आणि कुठलं दुसऱ्याने घातलेलं, हे आज वेगळं काढता येईल का? तुझ्या आईच्या इच्छेबद्दल तू इतका अपराधी होऊन लिहिलंस, म्हणून हे सांगितलं. दुसऱ्याची इच्छा हे सुरुवातीचं कारण असू शकतं. पाच वर्षांनी तीच एकटी तुला ढकलत असेल, तर मात्र काळजी करायची.

माझं कारणही ऐक. १९९२ साली मला जीवशास्त्रात गणितापेक्षा जास्त मार्क होते. वडील प्राथमिक शिक्षक. ते म्हणाले, 'डॉक्टर झालीस तर तुझ्या लग्नासाठी मला हुंडा घेऊन कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही.' एवढंच. त्यात सेवा कुठेच नव्हती.

मग माणूस घडतो कशाने? १९७३ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो मी प्रत्येक बॅचला सांगते. धर्मोपदेशक व्हायला निघालेली मुलं होती, म्हणजे हेतूच्या बाबतीत कुणी बोट ठेवू नये अशी. त्यांना एक छोटं भाषण तयार करायला सांगितलं आणि शेजारच्या इमारतीत जायला सांगितलं. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत वाकून बसवलेला होता. काहींचा भाषणाचा विषयच मुळी रस्त्यात पडलेल्याला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधली गोष्ट हा होता. कोण थांबलं? ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' म्हटलं होतं त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणावा असा फरक पडला नाही. कोण कशासाठी धर्माकडे वळलाय, यावरूनही कोण थांबेल हे ओळखता आलं नाही. फरक पडला तो घाईने.

सरकारी ओपीडीत सकाळी नऊ ते एकमध्ये शंभर केसपेपर संपवणाऱ्या निवासी डॉक्टराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या वर्गातला एक मुलगा होता. सगळ्यांसमोर उठून म्हणाला, 'मॅडम, मी पैशासाठी आलोय. घरावर कर्ज आहे.' वर्ग हसला. आता पहिल्या वर्षापासून मुलांना खेड्यातली काही कुटुंबं दत्तक देतात, महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन वजन, बीपी, औषधं लिहून आणायची. बहुतेकांचे फॉर्म पूर्ण भरलेले असतात. या मुलाच्या फॉर्मवर समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'गोळ्या महिन्याच्या दिल्या होत्या, पंधरा दिवसांत संपल्या. जावेलाही बीपी आहे, दोघी वाटून घेतात.' हे त्याला कुणी विचारायला सांगितलं नव्हतं. त्याने रिकाम्या पाकिटांची संख्या मोजली होती. त्यानंतर त्याच्या हेतूची मला काळजी वाटली नाही.

उलटंही होतं. सेवेचं मोठं चित्र डोळ्यांपुढे ठेवून आलेली काही मुलं तिसऱ्या वर्षापर्यंत कडवट होतात. कारण त्या चित्रात पेशंट हात जोडून उभा असतो. खऱ्या वॉर्डात तो दारू पिऊन येतो, सांगितलेलं पथ्य पाळत नाही, न सांगता निघून जातो, त्याचे नातेवाईक अंगावर धावून येतात. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी राज्याला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, इतकं हे नित्याचं आहे. ज्याने कृतज्ञतेची अपेक्षा ठेवलेली असते त्याला हे जास्त लागतं. ज्याने 'हे माझं काम आहे, ते मी नीट करणार' एवढंच ठरवलेलं असतं, तो टिकतो. तू 'सेवा' म्हणू शकला नाहीस हा दोष आहे असं मला खरंच वाटत नाही. शब्द वापरण्याआधी तू तो तपासलास. केसपेपर लिहिणाऱ्या माणसात मला हेच हवं असतं.

केसपेपरवरून एक गोष्ट सांगते, कारण नीतिमत्तेचा माझा पहिला धडा तिथे झाला. मी इंटर्न होते. रात्रीची ड्यूटी, बायकांचा वॉर्ड, चौदा पेशंट, चार-चार तासांनी सगळ्यांचं बीपी बघून लिहायचं. दोन वाजता माझे पाय चालेनात. मी टेबलाशी बसून चौदा आकडे लिहून टाकले. १२०/८०, ११८/७६, १२४/८२. ते खरे वाटावेत म्हणून थोडे थोडे वेगळे लिहिले, आणि या गोष्टीची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. रात्रपाळीच्या सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन आल्या. चार्टवर नजर टाकली आणि हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाल्या, 'मॅडम, बीपीचं मशीन अकरापासून लेबर रूममध्ये आहे.' बाकी काही बोलल्या नाहीत. ट्रॉली पुढे नेली.

मी जाऊन मशीन आणलं आणि चौदा जणींचं बीपी बघितलं. नऊ नंबरच्या बाईचं ९०/६० होतं. सिनिअरला उठवलं, सलाइन वाढवलं, ती बाई सुधारली. पण मी तिच्यासमोर ११८/७६ लिहिलेलं होतं. ते मी खोडलं नाही, त्यावर एक रेघ मारली, खाली खरा आकडा लिहिला आणि सही केली.

त्या रात्री मी कुठल्या हेतूने डॉक्टर झाले होते, याचा नऊ नंबरच्या बाईला काय उपयोग होता? उपयोग झाला तो त्या सिस्टरांचा. तुझ्या आयुष्यातही अशा रात्री येतील. तेव्हा तुला तुझं बारावीतलं कारण आठवणार नाही. बीपीचा कफ बांधायची सवय आहे की नाही, एवढंच तिथे ठरेल, आणि शेजारी तसं कुणी उभं आहे की नाही.

आता पैशाबद्दल, कारण हा भाग मला तुझ्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तू तो एका ओळीत उरकलास.

पैसे मिळवायची इच्छा अनैतिक नाही. इतक्या वर्षांचं शिक्षण, रात्रीची झोप आणि दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी, याचा मोबदला मिळायला हवा. पण इच्छा आणि देणं यांत फरक आहे. मी प्रॅक्टिस सुरू केली त्या पहिल्याच महिन्यात एका तपासणी केंद्राचा माणूस पाकीट ठेवून गेला. मी पाठवलेल्या पेशंटांचा कट. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत असं कमिशन देणं-घेणं दोन्ही मना आहे, आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधात स्वतंत्र कायद्याचा मसुदाही केला होता. मी पाकीट परत पाठवलं. लोक त्याला तत्त्वनिष्ठा म्हणतात. खरं कारण असं की मला ते परत पाठवणं परवडत होतं. सरकारी कॉलेजची माझी वर्षाची फी वडिलांच्या एका पगारात बसली होती. माझ्या डोक्यावर हप्ता नव्हता. त्याच सुमारास माझ्या एका सहकाऱ्याने मोठं कर्ज काढून हॉस्पिटल बांधलं. माणूस माझ्यापेक्षा मवाळ, पेशंटसाठी जीव टाकणारा. दोन वर्षांत त्याच्याकडे गरज नसताना सलाइन लागायला लागली. त्याचा हेतू बदललेला मला दिसला नाही. महिन्याची पाच तारीख मात्र दर महिन्याला येत होती.

म्हणून बाबांच्या जमिनीबद्दल मी स्पष्ट बोलते. मॅनेजमेंट कोट्यातली फी सरकारी फीच्या कित्येक पट असते. जमीन विकून घेतलेली पदवी घरच्यांच्या मनात कायम 'वसूल व्हायची रक्कम' म्हणून राहते, कुणी तोंडाने म्हणो न म्हणो. तू कितीही भला असलास तरी ते ओझं प्रत्येक तपासणी लिहिताना हातावर असेल. त्या ओझ्याखालीही सरळ राहिलेले डॉक्टर मी पाहिलेत. त्यांना किती कष्ट पडले तेही पाहिलंय. तुझ्या घरची खरी परिस्थिती, जमीन किती, बहीण-भाऊ किती, शिष्यवृत्ती किंवा फीसवलत लागू होते का, हे मला माहीत नाही आणि निर्णय त्यावरच अवलंबून आहे. पण 'माझं कारण नैतिक आहे का' यावर जितक्या रात्री जागलास, त्यातली एक रात्र बाबांबरोबर वही घेऊन आकडे मांडायला दे. माझ्या मते पुढच्या नीतिमत्तेचा मोठा हिस्सा तिथे ठरतो.

याचा अर्थ व्यक्तीवर काहीच नसतं असा घेऊ नकोस. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ चा. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. बीड जिल्ह्यात ८०७. सोनोग्राफीच्या मशीनवरचं चित्र ज्यांनी वाचून सांगितलं, त्यातल्या डॉक्टरांनी पदवी घेताना शपथ घेतलेली होती. शेजारच्या खोलीत तेच मशीन असलेल्या अनेकांनी सांगायला नकार दिला, तेही तसेच कर्जात होते, त्यांच्याही दारात तसेच नातेवाईक उभे होते. परिस्थिती ढकलते, पण नकार देणारा माणूस असतो. तो नकार ऐन वेळी सुचत नाही, लहान गोष्टींत देऊन देऊन तयार झालेला असतो.

तर तू स्वतःला काय विचारावंस? 'मला सेवा करायची आहे का' हे विचारू नकोस, त्याचं खरं उत्तर या वयात कुणाकडेच नसतं. त्यापेक्षा असा विचार कर. समजा निकाल लागला आणि चौकात तुझ्या फोटोचा फ्लेक्स लागला नाही, कुणी पेढे मागितले नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारीत शिकलास तर वर्षभर बंधपत्राची सेवा. हे दिवस ज्याचे बनलेत ते काम तुला सोसेल का? हे घरबसल्या कळत नाही. परीक्षा झाली की तुमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथल्या डॉक्टरांना विनंती कर आणि चार दिवस बाकावर बसून बघ. चाळिसावा शुगरचा पेशंट तेच गाऱ्हाणं सांगायला लागला की तुझ्या मनात काय येतं ते बघ. कंटाळा आला तर हरकत नाही, मलाही येतो. पण त्या माणसाचाच राग यायला लागला तर घरी जाऊन शांतपणे विचार कर.

आणखी एक विचारून बघ. एमबीबीएस नाहीच मिळालं, तर नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री यातलं काही करशील का? 'नाही' आलं तर तू वाईट ठरत नाहीस. फक्त तुला काम हवंय की नावापुढचं 'डॉ.' हवंय, हे तुझं तुला कळेल, आणि तिसऱ्या प्रयत्नाचा निर्णय घेताना ते उपयोगी पडेल.

जागा अडवण्याबद्दल थोडक्यात. वीस लाखांहून जास्त मुलं नीट देतात. १८० प्रश्न आणि ७२० मार्क यांत कुणाचा चांगुलपणा मोजला जात नाही, तुझा नाही आणि ज्याची जागा अडवशील असं तुला वाटतं त्याचाही नाही. तो 'चांगला मुलगा' कोण, हे तुलाही माहीत नाही. त्याच्यासाठी माघार घेऊ नकोस.

आता तो कंस. आजीला इन्सुलिन तू देतोस. रोज दोनदा, अभ्यास टाकून, वेळ सांभाळून, आणि तुला ते लिहिण्यासारखंही वाटलं नाही. मला तुझ्या सगळ्या प्रश्नात हीच एक ओळ अशी वाटली की जिच्यावरून तुझ्याबद्दल काही सांगता येईल. तू लातूरला असतोस म्हणजे आजीही तुमच्याबरोबर खोलीवर आली असेल, किंवा तू रोज गावाहून ये-जा करत असशील, ते कळलं नाही. टोचायच्या आधी आजीने खाल्लंय का, खाणार आहे का, हे विचारतोस का? आणि टोचायची जागा बदलतोस का? पोटावर एकाच ठिकाणी देत राहिलं की तिथे आतून मऊसर गाठ धरते, मग इन्सुलिन नीट शोषलं जात नाही आणि शुगर कधी वर, कधी खाली जाते. उद्या सकाळी देण्याआधी बोटांनी चाचपून बघ. गाठ लागली तर ती जागा काही महिने पूर्ण सोड, दुसऱ्या बाजूला दे आणि तुमच्या डॉक्टरांना सांग, कारण नव्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर एकदम उतरू शकते. काय सापडलं ते मला लिही.